अबईच्या बियांतील युरिएज : प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४

अकरावी विज्ञानाच्या गटाने यंदाच्या प्रकल्पासाठी विकरांचा (एन्झाइमांचा), म्हणजे सजीवांतील रासायनिक क्रिया वेगवान करणाऱ्या प्रथिनांचा, विषय निवडला, तेव्हा पपईच्या चिकातील पपेन आणि अननसातील ब्रोमेलेन ही दोन नावे लगेच पुढे आली. दोन्ही विकरे अभ्यासाला चांगली आहेत. मात्र ती प्रथिनांनाच तोडतात, आणि प्रथिन तोडणारे प्रथिन पहिल्याच प्रकल्पात घेतले की कोणते प्रथिन काम करते आहे आणि कोणावर काम होते आहे याचा गोंधळ उडतो. म्हणून मी अबईचे नाव सुचवले. दापोली तालुक्याच्या किनारी गावांत कुंपणावर किंवा मांडवावर चढवलेला अबईचा वेल अनेक परड्यांत दिसतो. कोवळ्या शेंगांची भाजी होते, जून शेंगांतील टणक बिया पुढच्या पावसासाठी राखून ठेवतात. या बियांत युरिएज नावाचे विकर विपुल असते आणि ते फक्त युरिया या लहानशा रेणूचे जलापघटन, म्हणजे पाण्याच्या साह्याने विघटन, करते. युरियाच्या एका रेणूपासून अमोनियाचे दोन रेणू आणि कार्बोनिक आम्लाचा एक रेणू मिळतो. विकर कोणते, ते काम कशावर करते आणि त्यातून निघते काय, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे इथे एकमेकांत मिसळत नाहीत.

अबई निवडण्यामागे दुसरेही कारण होते, आणि माझ्या दृष्टीने ते अधिक मोलाचे आहे. विकरे ही प्रथिनेच असतात, हे सर्वप्रथम याच कुळातील बियांमुळे सिद्ध झाले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेम्स सम्नर यांनी १९१७ मध्ये पांढऱ्या बियांच्या अबईतून, म्हणजे कॅनाव्हॅलिया एन्सिफॉर्मिस या जातीतून, युरिएज शुद्ध करण्याचे काम हाती घेतले. ते मूळचे डावखुरे होते, आणि सतराव्या वर्षी शिकारीच्या अपघातात त्यांचा डावा हातच कोपराखाली गेला होता. प्रयोगशाळेतील सारी कामे ते उजव्या हाताने शिकले. नऊ वर्षांनंतर, १९२६ मध्ये, बियांचे पीठ सुमारे ३२ टक्के ॲसिटोनमध्ये कालवून, गाळून, गाळलेले द्रावण रात्रभर थंडीत ठेवल्यावर त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली अष्टफलकी स्फटिक दिसले. ते स्फटिक प्रथिनाचे होते आणि युरियावरची सारी क्रिया त्यांच्यातच एकवटलेली होती. रिचर्ड विलश्टेटर यांच्यासारखे नोबेल विजेते रसायनशास्त्रज्ञ तेव्हा असे मानत होते, की प्रथिन हे केवळ वाहक असून खरे विकर त्याला चिकटलेला दुसराच कोणता तरी सूक्ष्म पदार्थ असावा. सम्नर यांचे म्हणणे मान्य व्हायला पुढे बरीच वर्षे गेली. जॉन नॉर्थ्रप यांनी १९३० मध्ये पेप्सिन या जठरातील विकराचे स्फटिक मिळवले, त्यानंतर विरोध ओसरत गेला. सम्नर यांना १९४६ मध्ये नोबेल पारितोषिकाचा निम्मा वाटा मिळाला आणि उरलेला निम्मा नॉर्थ्रप व वेंडेल स्टॅन्ली यांच्यात विभागला गेला.

गटातील मुलांनी आपापल्या घरून बिया आणल्या. काही पांढऱ्या आहेत, काही लालसर; लालसर बिया कॅनाव्हॅलिया ग्लॅडिएटा या भावंड जातीच्या असतात. प्रयोगासाठी फक्त पांढऱ्या वापरायच्या, असे ठरले. जून बिया कच्च्या खाण्याजोग्या नसतात, त्यामुळे प्रयोगाचे वाटण घरच्या भांड्यात करायचे नाही, अशी सूचना सर्वांना दिली आहे.

२१ नोव्हेंबर २०२४

रात्रभर भिजवलेल्या बियांची साले काढून आतील डाळिंब्या थोड्या पाण्यात वाटल्या आणि ते वाटण सुती फडक्यातून गाळून घेतले. मिळालेला दुधट अर्क बर्फात ठेवला. युरियाचे द्रावण शेतीसाठी मिळणाऱ्या युरियापासूनच केले : १०० मिलिलिटर पाण्यात २ ग्रॅम.

दर्शक म्हणून हळद घेतली. हळदीतील कुर्कुमिन आम्लधर्मी आणि उदासीन द्रावणात पिवळे राहते, आणि सामू (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा) साधारण ८ च्या वर गेला की लालसर तपकिरी होते. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या हळदीचे काही थेंब युरियाच्या द्रावणात टाकले, तेव्हा रंग पिवळाच राहिला. त्यात अर्क घातल्यावर सुमारे दोन मिनिटांत परीक्षानळी विटकरी लाल झाली. सामूच्या कागदाने ९ च्या आसपासचा आकडा दाखवला. युरिया नसलेल्या नळीत अर्क आणि हळद एकत्र ठेवले, ते तासभर पिवळे राहिले. अर्क नसलेली युरियाची नळी आठवडाभर तशीच ठेवणार आहोत, आणि ती बदलणार नाही अशी माझी खात्री आहे, कारण साध्या पाण्यात नेहमीच्या तापमानाला युरिया आपोआप निम्मा विघटित व्हायला काही दशके लागतात. युरिएज हीच क्रिया, आजवरच्या अंदाजांनुसार, एकावर चौदा शून्ये इतक्या पटींनी किंवा त्याहूनही अधिक वेगवान करते. हा आकडा फळ्यावर शून्ये मोजून लिहिला, तेव्हा वर्ग शांत झाला. अशा आकड्यापुढे थोडे थांबलेच पाहिजे.

वैद्यकातही हीच क्रिया वापरात आहे. जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू स्वतःच्या युरिएजने अमोनिया तयार करून भोवतालचे आम्ल सौम्य करतो आणि त्यामुळेच तिथे तगतो. जठरातील ऊतीचा कण युरिया आणि रंगदर्शक असलेल्या माध्यमात ठेवून रंग बदलतो का हे पाहणे, ही त्याची एक प्रचलित तपासणी आहे. तत्त्व आमच्या हळदीच्या नळीचेच आहे.

२५ नोव्हेंबर २०२४

आज तापमान. अर्काचे भाग करून एक खोलीच्या तापमानाला, एक ४० अंशांना, एक ६० अंशांना आणि एक उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवला आणि मग प्रत्येकाला त्या त्या तापमानाचे युरियाचे द्रावण दिले. उकळलेला अर्क थंड करून मग वापरला. ४० अंशांना रंग खोलीच्या तापमानापेक्षा लवकर आला, ६० अंशांना त्याहूनही लवकर. उकळलेल्या अर्काने काहीच केले नाही. त्यात पांढरट साका तळाला बसला होता.

“गरम केल्यावर वेग वाढतो, मग उकळल्यावर सर्वांत जास्त का नाही?” हा प्रश्न एका विद्यार्थिनीने विचारला, आणि माझ्या मते आजच्या दिवसाचे सारे महत्त्व या प्रश्नात आहे. तापमान वाढले की रेणूंची हालचाल वाढते आणि ऊर्जेचा अडसर ओलांडणारे रेणू अधिक मिळतात, त्यामुळे कोणत्याही रासायनिक क्रियेचा वेग वाढतो. विकराच्या बाबतीत मात्र क्रिया घडवणारा रेणूसुद्धा तितकाच हलू लागतो. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब शृंखला, आणि ती विशिष्ट घडीत राहते ती हायड्रोजन बंध, विरुद्ध भारांमधील आकर्षण आणि पाण्यापासून दूर राहू पाहणारे तेलकट भाग आतल्या बाजूस एकवटणे, अशा एकेकट्याने दुबळ्या असलेल्या बळांमुळे. या बळांची संख्या मोठी असते, पण सुटी शृंखलाही पाण्याशी तसेच बंध जोडू शकते. म्हणून घडीतील अवस्था आणि सुटी अवस्था यांच्या स्थिरतेतला अंतिम फरक अगदी थोडा, म्हणजे मोजक्या काही हायड्रोजन बंधांच्या ऊर्जेइतका असतो. प्रथिने अशी काठावरच उभी असतात. उकळत्या पाण्यात शृंखलेतील अमिनो आम्लांना जोडणारे बंध तुटत नाहीत, तुटते ती घडी. उघडी पडलेली शृंखला शेजारच्या शृंखलांना चिकटते आणि साका होऊन बसते, म्हणून अर्क थंड केला तरी क्रिया परत येत नाही. म्हणजे उकळलेल्या नळीत अमिनो आम्ले तीच होती, त्यांचा क्रमही तोच होता, आणि तरीही विकर उरले नव्हते.

३० नोव्हेंबर २०२४

युरियाचे प्रमाण बदलून वेग पाहिला. २ टक्के, १ टक्का, ०.२ टक्के आणि ०.०२ टक्के अशी द्रावणे करून प्रत्येकात सारखाच अर्क घातला आणि रंग पालटेपर्यंतचा वेळ मोजला. २ टक्क्यांपासून ०.२ टक्क्यांपर्यंत, म्हणजे युरिया दहापट कमी करूनही, वेळेत जाणवण्याजोगा फरक पडला नाही. ०.०२ टक्क्यांना मात्र रंग स्पष्टपणे उशिरा आला.

लिओनोर मिखाएलिस आणि मॉड मेंटेन यांनी १९१३ मध्ये मांडलेले समीकरण या निरीक्षणाचा खुलासा करते. विकर प्रथम युरियाला आपल्या क्रियास्थानी धरते, मग त्याचे विघटन करते. सर्व क्रियास्थाने भरलेली असतील, तर बाहेर आणखी कितीही युरिया असला तरी वेग वाढत नाही. ज्या प्रमाणाला वेग कमाल वेगाच्या निम्मा होतो ते प्रमाण अबईच्या युरिएजसाठी सुमारे ३ मिलिमोलर (मिलिमोलर हे द्रावणातील रेणूंचे प्रमाण मोजण्याचे एकक), म्हणजे जवळजवळ ०.०२ टक्के इतके आहे. आमचे सर्वांत विरळ द्रावण नेमके तिथे होते आणि ०.२ टक्क्यांचे द्रावण त्याच्या दहापट वर. शालेय प्रयोगशाळेत हळदीच्या रंगावरून ही मर्यादा दिसावी, याचे मला फार समाधान वाटले.

५ डिसेंबर २०२४

आज प्रयोग नव्हता. संगणकावर रेणूची रचना पाहिली. प्रोटीन डेटा बँक १९७१ मध्ये अवघ्या सात रचनांनिशी सुरू झाली, आणि आज तिथली कोणतीही रचना कोणालाही विनामूल्य पाहता येते. अबईच्या युरिएजची नोंद तिथे ३एलए४ या क्रमांकाखाली आहे. सम्नर यांना स्फटिक १९२६ मध्येच मिळाले, परंतु त्या विकराची त्रिमितीय रचना २०१० मध्ये प्रसिद्ध झाली, आणि ती मद्रास विद्यापीठातील अनिता बालसुब्रमणियन आणि कार्थे पोन्नुराज यांनी २.०५ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) इतक्या बारकाव्याने उलगडली. याच विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी रामकृष्णन व शशिशेखरन यांनी १९६३ मध्ये प्रथिनाच्या शृंखलेतील सांध्यांना कोणते कोन शक्य आहेत आणि कोणते नाहीत याचा नकाशा तयार केला होता, आणि जगात कुठेही नवी रचना उलगडली की ती आजही त्या नकाशावर तपासून पाहिली जाते. मुलांच्या पाठ्यपुस्तकांत ही माणसे क्वचितच भेटतात. म्हणून त्यांची नावे आज मुद्दाम मोठ्याने घेतली आणि वहीत उतरवून घ्यायला सांगितली.

एका शृंखलेत ८४० अमिनो आम्ले आहेत. तिचे काही भाग पेचाच्या रूपात वळलेले दिसतात : लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये सांगितलेला, दर वळशाला ३.६ अमिनो आम्ले घेणारा अल्फा पेच. काही भाग शेजारी शेजारी समांतर लागून बीटा पत्रे झालेले आहेत. हे पेच आणि पत्रे एकत्र गोळा होऊन चार खंडांची शृंखला बनते आणि अशा सहा शृंखला एकत्र येऊन पूर्ण विकर होते. त्याचा रेणुभार साडेपाच लाख डाल्टनच्या आसपास जातो. युरियाचा रेणुभार ६० आहे. इतक्या लहान रेणूसाठी एवढी मोठी यंत्रणा कशाला, असे कोणालाही वाटेल.

त्याचे उत्तर क्रियास्थानात सापडते. प्रत्येक शृंखलेत निकेलचे दोन आयन परस्परांपासून साडेतीन-पावणेचार अँगस्ट्रॉमवर धरलेले आहेत. युरिएजमध्ये निकेल असते हे ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात निक डिक्सन, बर्ट झर्नर आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये दाखवले, आणि निकेलला सजीवांत काही काम असते हेच तेव्हा पहिल्यांदा समजले. हे दोन आयन धरून ठेवणारी अमिनो आम्ले शृंखलेत ४०७, ४०९, ४९०, ५१९, ५४५ आणि ६३३ या क्रमांकांवर आहेत. शृंखला सरळ ताणली, तर ४०७ आणि ६३३ यांच्यामध्ये सव्वादोनशे अमिनो आम्लांचे अंतर पडेल. घडीत ती एकाच धातूच्या आयनाला दोन बाजूंनी धरून उभी आहेत. घडी मोडली की निकेलची ही जागाच नाहीशी होते. २५ तारखेच्या उकळलेल्या नळीचे उत्तर आज पडद्यावर दिसले, आणि ती विद्यार्थिनी ते स्वतःहून बोलली.

क्रियास्थानावर शृंखलेचाच एक हलता भाग आहे. युरिया आत येईपर्यंत तो तिसऱ्यांच्या शिंपीसारखा उघडा असतो आणि युरिया निकेलला लागला की मिटतो. मग दोन निकेल आयनांनी धरलेला हायड्रॉक्साइड युरियाच्या कार्बनवर चाल करतो आणि अमोनिया सुटतो. एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये विकर आणि त्याचा ग्राहक रेणू यांची जोडी कुलूप आणि किल्लीची म्हणून सांगितली. डॅनियल कॉशलँड यांनी १९५८ मध्ये त्यात सुधारणा करून असे मांडले, की ग्राहक रेणू आत येताना विकर स्वतःचा आकारही बदलते. युरिएजचे मिटणारे झाकण पाहिल्यावर कॉशलँड यांचे म्हणणे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

१० डिसेंबर २०२४

गटातील एका विद्यार्थिनीच्या घरी सुपारीची बाग आहे आणि कोळे रोगासाठी बोर्डो मिश्रण करायला लागणारे मोरचूद तिच्याकडे होते. मोरचूद म्हणजे तांब्याचे सल्फेट. जड धातू युरिएजला बंद पाडतात, आणि त्यांत चांदी, पारा व तांबे अग्रणी आहेत. अर्कात मोरचुदाचे अत्यंत विरळ द्रावण थेंबभर घालून काही वेळ ठेवले आणि मग युरिया दिला. रंग पिवळाच राहिला.

इथे एक शंका रास्त होती. मोरचुदाचे द्रावण स्वतः आम्लधर्मी असते. मग रंग न बदलण्याचे श्रेय विकर बंद पडण्याला द्यायचे की आम्लाला? म्हणून दुसऱ्या नळीत मोरचुदाऐवजी लिंबाचा रस घालून सामूचा कागद तितकाच आकडा दाखवील असे केले. ती नळी थोड्या उशिराने का होईना, पण लाल झाली. मोरचुदाच्या नळीत शेवटी धुण्याच्या सोड्याचे द्रावण घातले, तेव्हा हळद लगेच लालसर झाली. म्हणजे दर्शकही शाबूत होता. आता निष्कर्ष निःशंकपणे लिहिता येतो : तांब्याने विकरच निकामी केले.

ते कसे, याचा धागा परवाच्या रचनेत आहे. हलत्या झाकणावर ५९२ क्रमांकाला सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल आहे आणि तांब्याला गंधकाची ओढ फार. त्या गंधकाला तांबे चिकटले, की झाकणाची हालचाल अडते. ८४० अमिनो आम्लांपैकी एकीला धक्का लागला आणि सारे काम थांबले. वापरलेली द्रावणे मोरीत न ओतता वेगळ्या बाटलीत जमा केली आहेत. तांबे माशांना घातक असते आणि आमचा ओहोळ थेट खाडीला मिळतो.

१५ डिसेंबर २०२४

हर्णै बंदरावर संध्याकाळच्या लिलावाच्या वेळी गटाला घेऊन गेलो. हेतू एकच होता : ताजी मुशी आणि ताजा बांगडा मिळवणे. मासळी विकणाऱ्या एका मावशींना मुशीच्या वासाबद्दल विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “ताजीला वास नसतो, सर. ठेवलीत की मग डोळ्यांत झोंबते.” डोळ्यांत झोंबणारा वायू म्हणजे अमोनियाच, आणि त्यांचे निरीक्षण शब्दशः बरोबर आहे.

मुशी आणि पाकट यांसारख्या कूर्चामाशांच्या रक्तात सुमारे ३५० मिलिमोलर युरिया असतो. माणसाच्या रक्तात तो साधारण ५ मिलिमोलर असतो. समुद्राच्या खारेपणामुळे अंगातील पाणी बाहेर ओढले जाऊ नये, म्हणून हे मासे युरिया बाहेर न टाकता साठवून ठेवतात. आमचे २ टक्क्यांचे द्रावण सुमारे ३३० मिलिमोलर भरते. म्हणजे पहिल्या दिवसापासून आम्ही मुशीच्या रक्ताइतक्याच प्रमाणात युरिया वापरत होतो.

१६ डिसेंबर २०२४

मुशीच्या आणि बांगड्याच्या मांसाचे सारख्या वजनाचे तुकडे वेगवेगळे कुटून पाण्यात मिसळले आणि दोन्हींत अबईचा अर्क घातला. या वेळी हळद द्रावणात न टाकता हळदीच्या स्पिरिटमध्ये बुडवून वाळवलेल्या गाळण कागदाची ओली पट्टी बाटलीच्या तोंडाशी टांगली, म्हणजे गढूळ द्रावणातील रंग ओळखण्याचा प्रश्न उरत नाही आणि फक्त वायुरूप अमोनियाच पट्टीपर्यंत पोहोचतो. मुशीची पट्टी मधल्या सुट्टीच्या आत लाल झाली. बांगड्याची शाळा सुटेपर्यंत पिवळी होती. अर्क न घातलेल्या मुशीच्या बाटलीतील पट्टीही दिवसभर पिवळी राहिली. ती बाटली झाकून ठेवली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी लालसर झालेली आढळली. तिथे अबई नव्हती. मांसावर वाढलेल्या जिवाणूंचे युरिएज होते. मुशीला मीठ आणि आगळ लावून ठेवण्याची घराघरांतील रीत या दृष्टीने अगदी योग्य आहे : मीठ जिवाणूंना आवरते, आणि आगळातील आम्ल सुटलेल्या अमोनियाला अमोनियम करून द्रवातच धरून ठेवते, मग तो नाकापर्यंत येत नाही.

१९ डिसेंबर २०२४

आज वर्गात जो विषय मांडला, तो या प्रकल्पाचा गाभा आहे असे मी मानतो, म्हणून नोंद सविस्तर करतो.

युरिया हा युरिएजचा ग्राहक रेणू आहे. परंतु दाट प्रमाणात तोच युरिया इतर बहुतेक प्रथिनांच्या घड्या मोडतो, कारण तो शृंखलेच्या कण्याशी थेट हायड्रोजन बंध जोडतो आणि तेलकट भागांना पाण्यात उघडे राहणे सोपे करतो. ख्रिश्चन ॲन्फिन्सन यांनी १९६० च्या आसपास नेमका याच गुणाचा उपयोग केला. रायबोन्यूक्लिएज हे १२४ अमिनो आम्लांचे विकर आहे आणि त्यात गंधक-गंधक असे चार बंध आहेत. ८ मोलर (८,००० मिलिमोलर) युरिया आणि गंधकाचे बंध सोडवणारे मर्कॅप्टोइथेनॉल यांत ठेवल्यावर घडी मोडली, चारही बंध सुटले, क्रिया थांबली. दोन्ही रसायने हळूहळू काढून टाकून हवेचा ऑक्सिजन मिळू दिला, तेव्हा शृंखला आपोआप पूर्वीच्या घडीत परतली आणि जवळजवळ सारी क्रिया परत आली. याउलट युरिया तसाच ठेवून गंधकाचे बंध जुळू दिले, तर आठ सिस्टीन वाटेल तशी जोडली गेली. अशा जोड्या १०५ प्रकारे लागू शकतात, आणि क्रिया उरली ती जेमतेम एक टक्का. घडी कशी घालायची हे सांगणारी सारी माहिती अमिनो आम्लांच्या क्रमातच असते, हा निष्कर्ष यातून निघाला आणि त्यासाठी ॲन्फिन्सन यांना १९७२ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

मग मुशीचे काय? तिच्या अंगात ८ मोलर नसला तरी ०.३५ मोलर युरिया आयुष्यभर असतो, आणि काठावर उभ्या असलेल्या प्रथिनांना तेवढाही त्रासदायक ठरतो. याचे उत्तर पॉल यान्सी आणि जॉर्ज सोमेरो यांनी १९७९ मध्ये दिले. हे मासे युरियाबरोबर ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचे दुसरे द्रव्यही साठवतात. त्याचा परिणाम युरियाच्या नेमका उलट असतो. ते प्रथिनांची घडी घट्ट करते. दोन भाग युरियाला एक भाग हे द्रव्य, अशा प्रमाणात दोघांचे परिणाम एकमेकांना जवळजवळ फेडून टाकतात, आणि मुशीच्या अंगात हे प्रमाण साधारण तितकेच आढळते. मासा मेल्यावर जिवाणू या द्रव्याचे ट्रायमिथिलअमाइन करतात, आणि शिळ्या मासळीचा ओळखीचा वास तोच. शिळ्या मुशीला दोन वास असतात, एक अमोनियाचा आणि एक याचा. जिवंतपणी परस्परांचा तोल सांभाळणाऱ्या दोन द्रव्यांचे ते अवशेष आहेत.

प्रथिनाचा क्रम त्याची घडी ठरवतो, हे ॲन्फिन्सन यांनी दाखवले. ती घडी टिकणार की नाही हे भोवतालचे द्रावणही ठरवते, हे मुशी दाखवते. विद्यार्थ्यांनी या दोन गोष्टी एकत्र समजून घ्याव्यात अशी माझी फार इच्छा होती. अनेक पुस्तकांत पहिलीच सांगून विषय संपतो.

२८ डिसेंबर २०२४

एका मुलाने असा प्रश्न विचारला, की अबईच्या बीला एवढे युरिएज हवे कशाला, तिथे तर कोणी युरिया टाकत नाही. बी रुजताना साठवणीतील प्रथिने मोडतात, त्यातील आर्जिनीन या अमिनो आम्लापासून वनस्पतीच्या पेशींतच युरिया तयार होतो, आणि युरिएजमुळे त्यातला नायट्रोजन रोपाला पुन्हा वापरता येतो. याखेरीज वनस्पतींच्या युरिएजचा काही भाग कीटकांना विषारी असतो, आणि हा गुण युरियाच्या विघटनावर अवलंबून नाही. मद्रासच्या संशोधकांनी रचना उलगडायला घेतली, त्यामागे या कीटकनाशक गुणाचा उलगडा करणे हाही एक हेतू होता.

४ जानेवारी २०२५

भात कापून झालेल्या खाचरातील माती आणली. मातीतही युरिएज असते. जिवाणू आणि कुजलेल्या वनस्पतींतून आलेले हे विकर मातीच्या कणांना चिकटून दीर्घकाळ टिकते. एका बाटलीत ओलसर मातीवर युरिया पसरला, दुसऱ्या बाटलीत तितकाच युरिया सुमारे ७ सेंटिमीटर मातीखाली दाबला, तिसरीत तव्यावर कडक भाजून गार केलेली माती ओलवून तिच्यावर युरिया पसरला. तिन्हींच्या तोंडाशी हळदीच्या पट्ट्या टांगल्या.

६ जानेवारी २०२५

पहिल्या बाटलीतील पट्टी लाल झाली आहे. भाजलेल्या मातीची पट्टी पिवळी आहे, आणि खोल दाबलेल्या युरियाच्या बाटलीतीलही पिवळीच आहे.

भाजलेल्या मातीचे कारण आता कोणालाच विचारावे लागले नाही. दुसऱ्या बाटलीवर मात्र चर्चा बराच वेळ चालली. तिथे युरिएज आहे, युरियाही आहे, आणि अमोनिया तयारही होतो आहे; पण वरच्या मातीतून येताना तो पाण्यात विरघळून अमोनियम होतो आणि मातीच्या कणांवर धरला जातो. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने भातासाठी युरिया-डीएपी ब्रिकेटची, म्हणजे ही दोन खते एकत्र दाबून केलेल्या गोळ्यांची, शिफारस केली आहे. चारसूत्री पद्धतीत दर चार चुडांच्या, म्हणजे एकत्र लावलेल्या रोपांच्या जुड्यांच्या, मधोमध ७ ते १० सेंटिमीटर खोल एक गोळी खोचतात, त्यामागे हेच कारण आहे. शिवाय दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पृष्ठभागावर फेकलेला युरिया त्या पावसाबरोबर वाहूनही जातो. गटातील दोघांच्या घरी अजून युरिया फेकूनच देतात. तिन्ही बाटल्या आणि त्यांच्या पट्ट्या त्यांनी घरी दाखवण्यासाठी मागितल्या. मी त्या दिल्या आहेत आणि प्रदर्शनासाठी तसाच नवा संच उद्या मांडायला घेणार आहोत.